कबरीनं तोंड लावलेला मका

तेलगावपासून आत, डोंगराच्या अंगाला जी वस्ती आहे, तिथं कुणाला धान्याचा, चाऱ्याचा, पाण्याचा संशय आला की लोक ओंजळभर घेऊन बंकटच्या दारात यायचे. बंकट वैद्य नव्हता आणि देवरुषीही नव्हता. त्याच्याकडं शेरडं होती आणि त्या शेरडांत एक कबरी होती. म्हातारी, एका शिंगाची, अंगावर काळे-पांढरे ठिपके, आणि नजर अशी की समोरच्यानं आपणहून बाजूला व्हावं. आणलेलं धान्य घमेल्यात टाकायचं, कबरीपुढं सरकवायचं आणि गप बसायचं. कबरीनं तोंड लावलं, चघळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी दाव्याला ओढ देऊन ओरडली, की माणसांनी ते बिनघोर खायचं. तिनं नाक वर करून मान फिरवली की उकिरड्यावर टाकायचं. याला वस्तीवर 'तोंड लावणं' म्हणत, आणि त्यावर कुणी वाद घालत नसे.

हे बंकटच्या बापानं घालून दिलेलं. बाप कळप घेऊन लांबलांब जायचा. अनोळखी रानात पुढच्या शेळीनं ज्या पाल्याला तोंड लावलं नाही, त्या पाल्याकडं तो बाकीच्या जनावरांना वळू द्यायचा नाही. पाल्याचं होतं ते बंकटच्या काळात धान्यावर आलं. आणि उगाच आलं असंही नाही. शेजारच्या वत्सलाबाईच्या घरात मागं एकदा पेरणीचं औषध लावलेलं बी आणि खायची ज्वारी एकात एक झाली होती. त्या ज्वारीला कबरीच्या आईनं हुंगलं आणि अशी काही शिंकली की घमेलं उलटं झालं. वत्सलाबाईचं अख्खं घर वाचलं. तेव्हापासून बंकटला नाव मिळालं, आणि खरं सांगायचं तर ते नाव त्याला आवडायचं. शेरडं राखणाऱ्याला लग्नकार्यात मागच्या पंगतीला बसवतात. कबरीमुळं त्याला पुढची पंगत मिळाली होती.

यंदा परतीचा पाऊस परत जायलाच तयार नव्हता. मक्याची कणसं कापून दारात ढीग घातला, त्यावर ताडपत्री टाकली, चारी कडांना दगड ठेवले आणि बंकट बेफिकीर झाला. पाऊस मात्र थांबेना. उघाड पडल्यावर ताडपत्री काढली तर आतून वाफ आली. ढिगात हात घातला तर गरम लागलं. वरची कणसं बरी होती, मधल्या कणसांवर हिरवट-पिवळी भुकटी धरली होती आणि एक कुबट वास सगळ्या अंगणात पसरला होता.

सून बबिता त्या दिवशी ऊसतोडीला जायची बांधाबांध करत होती. ती आणि मुलगा रामेश्वर दरवर्षी सांगलीकडं जायचे. जाणाऱ्याचं काम अंगमेहनतीचं, म्हणून घरातली चांगली ज्वारी त्यांनी न्यायची आणि मागं राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी उरलेल्यावर भागवायचं, ही रीत वस्तीवर घरोघर होती. बबितानं ज्वारीच्या पोत्याचं तोंड शिवलं, मक्याच्या ढिगाकडं पाहिलं आणि नाकाला पदर लावला.

"मामा, ह्या मक्याचा वास येतोय. कोंबड्याला बी टाकू नका."

"टाकू न्हाई तर काय करू? पोरीला काय दगडं खाऊ घालू?" बंकट म्हणाला. पोरगी म्हणजे नात, उज्ज्वला. ती गावच्या शाळेत दुसरीत होती, म्हणून मागं राहायची. "कबरीला इचारू."

बबिता पुन्हा बांधाबांधीला लागली. सासऱ्याशी वाद घालता आला असता. कबरीशी घालता येत नव्हता.

घमेलं आलं. कबरीनं हुंगलं, कान हलवले आणि खाल्लं. नुसतं खाल्लं नाही, तळ चाटून बंकटच्या धोतराला डोकं घासलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती असं काही ओरडली की ऊसतोडीची गाडी भरणारी माणसं हसली. सारजाबाईनं, बंकटच्या बायकोनं, दोन्ही हात जोडून आभाळाकडं बघितलं आणि मक्याचे दाणे सोलायला घेतले. धुतले, खळखळून धुतले, दगडासारखे कडक होईपर्यंत उन्हात वाळवले आणि गिरणीत नेले. वत्सलाबाईची ज्वारी तर पुरात वाहून गेली होती. तिच्या घरी सून करिष्मा दोन जीवाची. बंकटनं स्वतः पाठीवर वाहून मक्याची पोती तिच्या दारात टाकली.

"कबरीनं तोंड लावलंय ना?" वत्सलाबाईनं विचारलं.

"मग काय तसाच आनला व्हय?" बंकट म्हणाला. आणि त्याला फार बरं वाटलं.

भाकरी कडसर लागायची. सारजाबाई त्यात मूठभर ज्वारीचं पीठ घालायची, वर ठेचा द्यायची. बंकट दोन भाकरी धडप्यात बांधून रानात जायचा आणि खरं म्हणजे शेळीच्या दुधावरच असायचा. उज्ज्वला तोंड वेडंवाकडं करायची. "आजी, लई कडू लागती गं."

"खा गुमान. लोकाला ही बी न्हाई."

उज्ज्वला भाकरी घेऊन उंबऱ्यात जाऊन बसायची. तिथं तिचं खाणं व्हायचं. सगळ्यांचं झाल्यावर सारजाबाई बसायची, आणि उरलेलं सगळं, कालचंसुद्धा, तिच्या वाट्याला यायचं. बायकांचं जेवण असंच असतं, त्यात नवल वाटायला आपण कुणी परदेशातून आलेलो नाही.

मार्गशीर्षात बादशा गेला. बादशा म्हणजे कळपाचा कुत्रा, लांडग्याला एकटा भिडणारा. त्यानं खाणं सोडलं, गोठ्याच्या भिंतीला लागून पडून राहिला, उलटीत रक्त आलं. बंकटनं त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, जशी तो शेळीची बघतो. आतलं हळदीसारखं पिवळं होतं. हे असं त्यानं कुत्र्यात कधी पाहिलं नव्हतं. तरी काहीतरी सांगणं भाग होतं, कारण उज्ज्वला शेजारी उभी होती.

"सापानं डसलं असंल," तो म्हणाला.

बाभळीखाली खड्डा काढून त्याला पुरलं. उज्ज्वला त्या खड्ड्यापासून हलेना. तिला उचलून घरात आणावं लागलं.

आणि संक्रांत झाल्यावर सारजाबाईचे डोळे पिवळे झाले. आधी मळमळ, मग पायांना सूज, मग पोट असं फुगलं की लुगड्याची गाठ बसेना. वस्तीवर कावीळ म्हणाले. कावीळ म्हटल्यावर झाडपाल्याचं औषध देणारा माणूस आलाच. त्यानं मुळी दिली, ताक पाजायला सांगितलं. सारजाबाई ताक प्यायली आणि सोबत तिनं भाकरी खाल्ली, औषध लागू पडावं म्हणून. मग एक दिवस ती बंकटला ओळखेना, तेव्हा तिला जीपमध्ये घालून अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात आणलं.

दवाखान्यात पहिले काही दिवस बंकटला काही वाटत नव्हतं. म्हणजे वाईट वाटत होतं असं नाही आणि आशा वाटत होती असंही नाही. सांगतील ती बाटली आणायची, सांगतील तिथं अंगठा द्यायचा, जिन्याखाली बसून राहायचं. रानात दुपारी जनावरं सावलीला बसतात, तेव्हा राखणाराही असाच बसतो, डोळे उघडे आणि आत कुणी नाही. सारजाबाई मधूनमधून शुद्धीवर यायची. एकदा तिनं त्याला जवळ बोलावलं.

"आवं, कबरीला चारा कोन टाकतंय?"

"वत्सलाबाई."

"मका बी टाका म्हनावं मूठभर. तिला सवय हाय."

"बरं," बंकट म्हणाला.

त्याच दिवशी दुपारी तो जिन्याखाली बसून घरून आणलेली भाकरी खात होता. वॉर्डातली डॉक्टरीण तिथून चालली होती. तरुण, झोप न झालेली, पायात रबरी चपला. ती चार पावलं पुढं गेली आणि मागं आली.

"बाबा, ही भाकरी कशाची?"

"मक्याची."

तिनं तुकडा मागून घेतला आणि नाकाला लावला. "मका भिजला होता?"

"भिजलता. पर आमी चांगला धुतला. उन्हात वाळवला." बंकटनं तोंडातला घास गिळला. "शेळीला खाऊ घालून बगितला. शेळीला कायबी झालं न्हाई."

ती हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"बाबा, आजी दारू पीत नाहीत. नेहमीच्या काविळीचं काही रक्तात सापडत नाही. मी विचार करत होते, हे आलं कुठून." तिनं तो तुकडा हातात धरून ठेवला. "भिजलेल्या मक्याला बुरशी येते ना, ती विष तयार करते. बुरशी धुऊन जाते, विष दाण्यात राहतं. दळलं, थापलं, तव्यावर भाजलं, तरी जात नाही. पोटातून ते यकृतात जातं. बोकडाची कलेजी म्हणतात ना, माणसातली तीच."

कलेजी बंकटला माहीत होती. तो ऐकू लागला.

"ही कलेजी बारीक बारीक पेशींची बनलेली असते, डोळ्याला न दिसणाऱ्या. शरीरात आलेलं विष मोडायचं काम त्यांचं. पण हे विष मोडायला गेलं की जास्तच जहाल होतं. प्रत्येक पेशीच्या आत तिनं कसं जगायचं, कसं वाढायचं, हे ठरवणारा एक धागा असतो. हे विष त्या धाग्याला जाऊन चिकटतं. मग पेशी मरतात. खूप मेल्या की आजींसारखं होतं. आणि ज्या मरत नाहीत, त्या कधीकधी खूप वर्षांनी भलत्याच वाढायला लागतात. त्याचा कॅन्सर होतो."

"मग शेळीला?"

"शेळीच्या पोटाची रचना वेगळी, तिला बरंच सोसतं. कुत्र्याला नाही सोसत. लहान मुलांना नाही सोसत. आणि शेळीला सोसतं म्हणजे काय, एका दिवसात दिसत नाही, एवढंच. महिनोन्‌महिने खाल्लं तर तिचीही कलेजी खराब होते. तोंडाला त्यातलं काही कळत नाही, बाबा."

कुत्रा म्हटल्यावर बंकटला बादशाची पापणी आठवली. त्यानं स्वतःच्या बोटांनी ओढली होती. आत पिवळं दिसलं होतं, आणि तो साप म्हणाला होता. उलटीत रक्त आलं तरी तो साप म्हणाला. जनावर सांगत होतं, पण ते ज्याला विचारायचं ते जनावर नव्हतं, म्हणून बंकटनं ऐकलं नाही.

"हा मका आणखी कुणी खाल्ला?"

"म्या. नातीनं." तो थांबला. "अन् शेजारी एक घर हाय. तिथं सून गरवार हाय."

"आजच्या आज बंद करायला सांगा. तुमच्या शेळ्यांचं दूधसुद्धा काही दिवस कुणी पिऊ नका. नातीला इकडं आणा, रक्त बघू. त्या सुनेलाही आणा."

बंकटनं फोन लावला. वत्सलाबाईनं उचलला. त्यानं जमेल तसं सांगितलं, बुरशी, विष, कलेजी. पलीकडं ती ऐकत होती, मागं तव्यावर भाकरी फुगल्याचा वास फोनमधूनसुद्धा यावा असं त्याला वाटलं.

"दवाखान्यातले मानसं कायबी सांगतेत, बंकटदादा," ती शेवटी म्हणाली. "त्यांला काय ठावं आपलं? कबरीनं तोंड लावलेला मका हाय. तुमीच तर पाठीवर आनून टाकलाता."

"वत्सलाबाई, कबरी चुकली."

"कबरी कशी चुकंल?" ती हसली, प्रेमानं हसली. "तुमी लई थकलाव. सारजाक्काला बरं वाटू द्या, मंग बोलू."

त्यानं 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. समोरासमोर सांगू, असं त्यानं ठरवलं. खरं म्हणजे अंगात भांडायचं बळ नव्हतं. बळ सोडा, भांडावंसं वाटायलासुद्धा आत काहीतरी जागं असावं लागतं.

रामेश्वर आणि बबिता उसाच्या फडावरची कोपी सोडून आले, येताना वस्तीवरून उज्ज्वलाला घेऊन आले. बंकटचं रक्त थोडं बिघडलेलं निघालं. उज्ज्वलाचं स्वच्छ. डॉक्टरणीनं कागद दोनदा बघितला.

"ही हा मका खात होती ना?"

"रोज," बंकट म्हणाला. "उंबऱ्यात बसून. माझ्या डोळ्यादेखत."

"नशीब," ती म्हणाली, आणि पुढच्या खाटेकडं गेली.

बबितानं पोरीला छातीशी धरलं आणि रडून घेतलं.  कोंबड्यालाही टाकू नका, म्हटलं होतं मी, असं तिनं सासऱ्याला म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही, आणि बंकटला ते जास्त लागायला हवं होतं. तेही लागलं नाही.

सारजाबाई पहाटे गेली. बंकट शेजारीच होता. तिचा हात हातात होता, तो गार होत गेला, आणि बंकटला वाटलं आता रडू येईल. त्यानं वाट बघितली. वॉर्डातला पंखा फिरत होता, शेजारच्या खाटेवरचा माणूस पाणी मागत होता. बंकट उठला आणि त्या माणसाला पाणी दिलं.

घरी आणलं, अग्नी दिला. लोक आले, बायका रडल्या, रामेश्वर ओरडून रडला. बंकट ओट्यावर बसून होता. येणाराजाणारा म्हणायचा, म्हातारा दगड झालाय. ते खरंच होतं. रामेश्वरनं घरातला उरलेला मका खड्डा काढून पुरला, वर चुना टाकला. बंकटनं ते पाहिलं आणि वत्सलाबाईच्या घराकडं नजर गेली. जाऊ, असं त्यानं मनात म्हटलं. पण सुतकातल्या माणसानं दुसऱ्याच्या दारात जायचं नसतं, आणि ते कारण त्याला पुरलं.

राख सावडून आले त्या दुपारी त्याला जावं लागलंच नाही. ते घरच त्याच्या दारात आलं.

मयताच्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी आणतात, आणि आणलेली भाकरी नाही म्हणायची नसते, पाहुण्यांनीसुद्धा. वत्सलाबाई आणि करिष्मा दुरडी घेऊन आल्या. वर फडकं झाकलेलं, शेजारी पिठल्याचं पातेलं. करिष्माला चालताना कमरेवर हात धरावा लागत होता. वत्सलाबाईनं फडकं काढलं. जाड, पिवळसर, कडा फुटलेल्या भाकरी.

तिनं एकेकाच्या हातात भाकरी दिली. रामेश्वरच्या, बबिताच्या, आलेल्या दोघाचौघा म्हाताऱ्यांच्या, उज्ज्वलाच्या. मग बंकटच्या. बंकटनं ती हातात घेतली. ऊन होती. तोच वास. याच भाकरीनं त्याची बायको गेली होती, आणि तिच्या सुतकात घराला हीच भाकरी आली होती.

"खाऊ नका," तो म्हणाला.

कुणाला ऐकू गेलं नाही. तो उठला आणि एकेकाच्या हातातून भाकरी काढून घेऊ लागला. म्हाताऱ्यांचे हात तसेच राहिले. रामेश्वरनं तोडलेला घास टाकून दिला, त्याच्या आत्ता ध्यानात आलं. सगळ्या भाकरी दुरडीत परत गेल्या.

वत्सलाबाईचा चेहरा पडला. अशी गोष्ट वस्तीवर कुणी केली नव्हती.

"मयताच्या घरातून भाकरी मागं जाती व्हय, बंकटदादा? काय पाप केलं आमी?"

"मक्यात इख हाय. सारजा त्यानंच गेली."

"माझी करिष्मा खाती रोज. सातवा म्हैना हाय तिला. मी तिला इख घालंन का?" आता तिचा आवाज चढला. "तुमच्या सबदावर माझं घर हाय. पोरं ल्हान व्हती माझी तवा तुमच्या शेळीनं वाचवली. तिचीच लेक म्हनती खा, अन् आता तुमी म्हनता खाऊ नगा. मी कुनाचं ऐकू?"

 बंकटनं करिष्माकडं बघितलं. ती खाली मान घालून उभी होती. त्याला तिची पापणी ओढून बघावीशी वाटली, पण दुसऱ्याच्या सुनेच्या डोळ्याला असा हात लावता येत नाही. आणि बघितलं असतं, पिवळं दिसलं असतं, तरी वत्सलाबाईनं मानलं नसतं. तिचं चुकत नव्हतं. तिला त्यानंच शिकवलं होतं कुणाचं ऐकायचं ते.

तो आत गेला आणि सुरी घेऊन आला.

"आबा," रामेश्वर उठला. "आबा, सुतक हाय."

बंकट गोठ्यात गेला. कबरीनं त्याला बघितल्याबरोबर दाव्याला ओढ दिली आणि त्याच्या धोतराचा सोगा तोंडात धरला. रोज त्यात मूठभर मका बांधलेला असायचा. आज नव्हता. तिनं त्याचा तळवा चाटून बघितला, मिठासाठी. तिची जीभ खरखरीत होती. बंकट तिला भिंतीआड घेऊन गेला. तिनं ओढाताण केली नाही, तो नेईल तिथं ती जायची.

परत आला तेव्हा त्याच्या हातात घमेलं होतं, तेच, तोंड लावायचं. ते त्यानं वत्सलाबाईसमोर, दुरडीशेजारी ठेवलं. म्हातारी माणसं उठून जवळ आली. त्या अंगणात असा कुणी नव्हता ज्यानं शेळीची कलेजी पाहिली नव्हती. ती गडद असते, तांबडीलाल, तुकतुकीत, कडा धारदार. घमेल्यात होती ती पिवळट होती. फिक्या चरबीसारखी, फुगलेली, कडा बोथट, अंगावर बारीक पुटकुळ्या. एका म्हाताऱ्यानं बोट लावलं आणि लगेच मागं घेतलं.

"तोंडाला कळलं न्हाई," बंकट म्हणाला. "आत हे व्हतं."

 वत्सलाबाई त्या घमेल्याकडं बघत राहिली, मग सुनेच्या पोटाकडं. तिनं दुरडी उचलली. करिष्मा मदतीला पुढं झाली, तर तिनं तिचा हात जोरात झटकला. "हात लावू नगंस त्याला," ती म्हणाली, आणि एकटीच गेली. थोड्या वेळानं तिच्या परसात मक्याची पोती ओढल्याचा आवाज आला. रामेश्वरनं अंबाजोगाईच्या जीपसाठी फोन लावला. करिष्मा ओट्याच्या कडेला बसली होती, बबितानं तिला पाणी दिलं.

माणसं एकेक करून गेली. बंकट भिंतीआड गेला. तिथं माती टाकायची राहिली होती. फावडं घेतलं तर भिंतीच्या कोपऱ्यावर उज्ज्वला उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

"आबा."

"घरात जा."

"बादशाचं बी आत असंच झालं व्हतं का?"

बंकटनं फावडं खाली टेकवलं. "कावून इचारतीस?"

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. "मला ती भाकरी कडू लागायची. आजी चुलीकडं वळली का मी बादशाला द्यायची." ती थांबली. "सगळी द्यायची. रोज. त्यो गेल्यावर उकिरड्यात टाकायची. मी दूध पिऊन शाळंत जायची. आजीला सांगितलं न्हाई. आजी मारंल म्हनून."

बंकटला दवाखान्यातला कागद आठवला, डॉक्टरणीनं दोनदा बघितलेला. उंबऱ्यात बसलेली पोरगी आठवली, तिच्या पाठमोऱ्या अंगाआड हलणारी शेपटी आठवली. ही गोष्ट त्याला पहिल्यांदा सारजाला सांगावीशी वाटली. सारजा आधी पोरीच्या पाठीत धपाटा घालणार, मग तिलाच पोटाशी धरून मटकन खाली बसणार. आणि सांगायला सारजा नव्हती. ती नाही, हे त्याला आत्ता कळलं. इतके दिवस नुसतं माहीत होतं.

उज्ज्वला उत्तराची वाट बघत होती. तिचे डोळे पांढरेशुभ्र होते.

"मी दिली म्हनून बादशा मेला का, आबा?"

बंकटनं आजवर जनावराच्या नावावर जाणूनबुजून खोटं सांगितलं नव्हतं. जे जनावरानं दाखवलं तेच तो बोलायचा, त्याचं नाव झालं ते त्यावरच. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"न्हाई गं," तो म्हणाला. "बादशाला सापच डसलता. पुढच्या पायाला. दाताचे वण म्या बघितलते."

"खरंच?"

"खरंच."

तिनं त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. त्या दिवसानंतर वस्तीवर कुणी ओंजळ घेऊन त्याच्या दारात येणार नव्हतं. पण उज्ज्वलानं त्याचा शब्द खरा मानला. तिचे खांदे सैल झाले, आणि ती घमेलं धुवायला पाणी आणते म्हणून हौदाकडं गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर बंकट भिंतीला पाठ लावून बसला. गोठ्यात कबरीचं दावं मोकळं लोंबत होतं. त्यानं धोतराचा सोगा तोंडाशी धरला, आवाज हौदापर्यंत जाऊ नये म्हणून, आणि रडला.